निनावी मोटारी आणि स्वस्त आभाळ

सरकारी कचेरीत काही वर्षे काढली की माणसाला एक सवय नकळत जडते. कागद हाती आला की त्यात काय लिहिले आहे हे पाहण्याआधी तो कोठून आला आहे हे तो पाहतो. दिल्लीच्या मंत्रालयाचा शिक्का असला की साधा मजकूरही गंभीर वाटू लागतो. आणि एखाद्या आडगावच्या उपकचेरीतून आलेले शहाणपणाचे टिपणही ‘यथावकाश पाहू’च्या ढिगात जाऊन पडते. ही सवय कचेरीपुरती राहिली असती तर तक्रार नव्हती. परंतु संध्याकाळी ती आपल्याबरोबर घरी येते. मग आपण पुस्तक उचलतो ते पारितोषिक पाहून, नाटकाला जातो ते नटाचे नाव पाहून, आणि गाणे आवडले की नाही हे ठरवितो ते गायकाचे घराणे विचारून. या सवयीतून माझी थोडीफार सुटका झाली ती अशा एका गोष्टीमुळे, की तिचे नाव ऐकून पुष्कळ वाचक हसतील. ती गोष्ट म्हणजे मोटारींच्या शर्यतींचे आणि विमानयुद्धांचे स्वस्त, कोणीही न विचारलेले व्हिडिओ गेम.

बंगळूरला बदली होऊन आल्यावर पहिल्या वर्षी माझ्यापाशी एक जुना संगणक होता आणि रविवारची रिकामी दुपार होती. आज एखादा नवा, नावाजलेला खेळ घ्यायचा तर पाच हजार रुपयांच्या घरात पैसे मोजावे लागतात. शिवाय तो चालावयास जे यंत्र लागते त्याची किंमत ऐकून माझ्यासारख्या कारकुनाने हात जोडावेत हेच बरे. म्हणून मी सदर पत्रप्पा रस्त्यावर जाऊ लागलो. सारे शहर त्याला एस. पी. रोड म्हणते. तारा, पंखे, उघडे पडलेले संगणक आणि त्यांची आतडी यांनी भरलेल्या त्या अरुंद रस्त्यावर एका दुकानदाराने जुन्या तबकड्यांचे खोके पुढे सरकवले. “तगोळ्ळी सार,” तो म्हणाला, “घ्या हवी ती.” बहुतेक तबकड्यांवर वेष्टण नव्हते, कित्येकींवर नावही धड उरले नव्हते. किंमत मात्र चहा-इडलीच्या वर नव्हती. तेव्हापासून ही खोकी, आणि पुढे महाजालावर शंभर-दीडशे रुपयांत किंवा फुकट मिळणारे खेळ, हा माझा छंद होऊन बसला.

तसे पाहिले तर या छंदाचे बीज फार जुने आहे. माझ्या वयाच्या मराठी माणसांना दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचा तो प्लॅस्टिकचा खेळ आठवत असेल. त्यात एक ठोकळा बसवावा लागे आणि आम्ही त्याला ‘कॅसेट’ म्हणत असू. कॅसेटीवर नऊ नऊ नऊ असे सात आकडे लिहून त्यापुढे ‘इन वन’ असे छापलेले असे. आत खेळ निघत पंधरावीस, आणि तेच पुन्हा पुन्हा. त्यांतील एक म्हणजे ‘रोड फायटर’. कोनामी या जपानी कंपनीने १९८४ मध्ये तयार केलेला हा खेळ. वरून दिसणारा रस्ता, एक लाल मोटार, आणि बाजूला सरसर उतरणारे पेट्रोल. दुसऱ्या गाडीचा धक्का लागला की आपली मोटार तिरपी होऊन घसरू लागे. त्या क्षणी घसरणीच्या उलट दिशेला अचूक बेताने वळवली तर ती सावरे, नाही तर कडेला आदळून फुटे. सावरण्याची ती अर्ध्या क्षणाची संधी हाच त्या खेळाचा प्राण होता. न आपटता बराच वेळ गेले की एक माणूस उडत जाई. आम्ही त्याला सुपरमॅन समजत असू. तो कोनामीचाच ‘कोनामी मॅन’ होता हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

त्याच जातीच्या कॅसेटींत विमानांचे खेळही असत. ‘१९४२’ नावाच्या खेळात आपण अमेरिकन लायटनिंग विमान चालवीत जपानी विमाने पाडीत असू. आणि ‘स्काय डिस्ट्रॉयर’ या १९८५ च्या खेळात पॅसिफिक महासागरावरून जपानी झिरो विमान चालवीत नेमके उलटे युद्ध लढत असू. दोन्ही खेळ जपानी कंपन्यांचे, पहिला कॅपकॉमचा, दुसरा टायटोचा. परंतु त्या कॅसेटींवर निर्मात्याचे नाव बहुधा पुसूनच टाकलेले असे. कोणाची बाजू कोणती, हे कोणी केले, कोठे केले, याचा आम्हाला गंधही नव्हता. आम्ही फक्त एवढेच जाणत होतो की अमुक खेळात विमान ‘हाताला येते’ आणि तमुक खेळात ‘येत नाही’. आज विचार करता वाटते की तो निवाडा आमचा आम्ही केलेला होता, आणि तो बहुधा बरोबर होता.

स्वस्त खेळ करणारे लोक वारंवार मोटारीकडे आणि विमानाकडेच का वळतात, याला एक साधे कारण आहे. संगणकाच्या पडद्यावर माणूस उभा करणे महाग पडते. त्याला चेहरा हवा, चालताना गुडघे वाकावयास हवेत, बोलताना ओठ हलावयास हवेत. आणि यांतले काही चुकले तर पाहणाऱ्याच्या तत्काळ ध्यानात येते, कारण माणूस आपण जन्मभर पाहत आलेलो असतो. मोटारीला मात्र गुडघे नसतात. एक पेटी आणि चार चाके एवढ्यात तिचे भागते. रस्त्याचे तेच तेच तुकडे जोडीत गेले तरी वेगाच्या भरात कोणी मोजीत नाही. विमानाचे तर याहून सोपे. आभाळ रंगवावयास खर्च नाही, आणि शत्रूचे विमान लढाईतील बराच काळ दूरवरचा एक ठिपका असते. पैसा थोडा, माणसे थोडी, वेळ थोडा असलेल्या निर्मात्याला रस्ता आणि आकाश या दोनच जागा परवडतात.

पण या सोयीला एक अट असते. दाखवावयास दुसरे काही नसल्यामुळे सारा भार गतीवर येऊन पडतो. महागड्या खेळात गाडी हाताला नीट आली नाही तर पावसात चमकणारा रस्ता पाहून आपण क्षमा करतो. स्वस्त खेळात क्षमेची सोयच नाही. वळणावर मागची चाके किती सुटतात, ब्रेक दाबल्यावर भार पुढे आल्याची जाणीव होते की नाही, विमान वर चढवीत नेले असता वेग मरू लागल्याचे हाताला कळते की नाही, एवढ्यावरच त्याचा निकाल लागतो. म्हणून असे खेळ दहांतले आठ टाकाऊ निघतात हे मी आधीच सांगून टाकतो. काहींत मोटार बर्फावर ठेवलेल्या साबणासारखी जाते. काहींत विमान दोरीला टांगल्यासारखे फिरते. परंतु उरलेले दोन हाती लागले की जो आनंद होतो तो दुसऱ्याने शिफारस केलेल्या वस्तूपासून कधीच होत नाही. कारण तो शोध आपला असतो.

स्वस्ताईतून चांगले काही निपजते याला इतिहासाचाही आधार आहे. इंग्लंडमध्ये १९८३ मध्ये मास्टरट्रॉनिक नावाची कंपनी निघाली. तिने एक पौंड नव्याण्णव पेन्स किमतीला खेळांच्या फिती विकावयास काढल्या. त्या वर्तमानपत्रांच्या दुकानांत आणि पेट्रोलपंपांवरही मिळत. तिच्यासाठी खेळ लिहून देणाऱ्या रिचर्ड आणि डेव्हिड डार्लिंग या कोवळ्या वयाच्या भावांनी १९८६ मध्ये स्वतःची कोडमास्टर्स ही कंपनी काढली आणि तशाच स्वस्त फिती विकल्या. त्यांत सायकलींच्या आणि मोटारींच्या शर्यती होत्या. दोन्ही वरून दिसणाऱ्या, चिमुकल्या. याच कंपनीने पुढे १९९८ मध्ये ‘कॉलिन मॅक्रे रॅली’ केला, फॉर्म्युला वन शर्यतींचे अधिकृत खेळ केले, आणि २०२१ मध्ये सुमारे १२० कोटी डॉलरना ती विकली गेली. आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या; त्या काळी समीक्षकांच्या मांडवात त्यांना पाट नव्हता, परंतु मराठी वाचनाची गोडी किती घरांत त्यांच्या छोट्या पुस्तकांनी लावली हे सांगणारे लोक आजही भेटतात. स्वस्त माल आणि हलका माल हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि ते वेगळेच ठेवले पाहिजेत.

आमच्या कचेरीत एक ज्येष्ठ मराठी अधिकारी होते. त्यांच्या कानावर माझा हा छंद गेला. एकदा दुपारच्या सुटीत त्यांनी विचारले, “काय हो, तुम्ही म्हणे मोटारींचे खेळ जमविता?”

मी म्हटले, “होय साहेब. पण कोणाला ठाऊक नसलेले.”

“ठाऊक नाहीत, मग चांगले कशावरून? कोणी पारितोषिक वगैरे दिले आहे काय त्यांना?”

“नाही साहेब. आपणच पाहून सांगावे.”

पुढे एका रविवारी ते घरी आले असता मी त्यांना ‘री-व्होल्ट’ लावून दिला. १९९९ चा हा खेळ आहे. त्यातील मोटारी खऱ्या नाहीत. पोरांच्या दूरनियंत्रकावर चालणाऱ्या खेळण्यातल्या मोटारी आहेत. त्या गल्लीतून, वाणसामानाच्या मोठ्या दुकानातून, संग्रहालयातून धावतात. साध्या पदपथाची कडही त्यांना डोंगराएवढी असते. साहेबांनी चष्मा सारखा केला, दोन वेळा गाडी उलटविली, आणि मग अर्धा तास एक शब्द बोलले नाहीत. उठताना एवढेच म्हणाले, “वजन आहे हो गाडीला.” आयुष्यभर अभिप्राय लिहिण्यात घालविलेल्या माणसाने कोणताही संदर्भ न जोडता दिलेला तो अभिप्राय होता. मला तो फार मोलाचा वाटला.

विमानांच्या बाबतीत बंगळूर हे शहर माणसाला सहजी फसू देत नाही. येथे डोक्यावरून खरी लढाऊ विमाने जातात. ‘तेजस’ने पहिली झेप घेतली ती याच शहरातून, ४ जानेवारी २००१ रोजी. आमच्या सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साह्याने येथे विमानांचा कारखाना काढला. तोच आजचा हिंदुस्थान एरोनॉटिक्स. त्यांच्या संग्रहालयात ‘मरुत’ उभे आहे. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली घडलेले हे विमान १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. बांधा ध्वनीच्या दुप्पट वेगाचा. पण त्याला साजेसे इंजिन अखेरपर्यंत मिळाले नाही, आणि हाताशी असलेल्या दोन लहान इंजिनांवरच त्याने १९७१ चे युद्ध केले. त्या विमानापाशी उभे राहिले की उड्डाण म्हणजे प्रथम वजन आणि बळ यांचा हिशेब आहे हे समजते, आणि मग घरी येऊन खेळातील विमान चालविताना तो हिशेब कोठे मांडला आहे आणि कोठे गाळला आहे हे ओळखू येते.

असा हिशेब मांडलेला एक खेळ मला फुकट सापडला. सोजी यामाकावा या जपानी गृहस्थांनी एकट्याने लिहिलेला ‘वायएस फ्लाइट’ १९९९ मध्ये प्रथम लोकांपुढे आला. त्यातील डोंगर म्हणजे रंगीत कागदाच्या घड्या, आणि झाडे जवळजवळ नाहीतच. परंतु शत्रूमागे अति तीव्र वळण घेतले की वेग ओसरतो, वेग ओसरला की विमान खाली सरू लागते, आणि खाली सरलेल्या विमानाला पुन्हा वेग मिळवावयाचा तर नाक जमिनीकडे करावे लागते. उंची देऊन वेग घ्यावयाचा आणि वेग देऊन उंची घ्यावयाची, हा विमानयुद्धातला मूळ व्यवहार त्या घडीच्या डोंगरांवर मला जसा उमगला तसा पुष्कळ देखण्या खेळांतही उमगला नव्हता. आपल्या वायुसेनेनेही २०१४ आणि २०१९ मध्ये भ्रमणध्वनीवर खेळावयाचे विमानयुद्धाचे खेळ फुकट दिले आहेत. ते गुरुग्रामच्या एका कंपनीने तयार केले. अशा गोष्टींची समीक्षा कोणी गंभीरपणे लिहीत नाही, एवढाच त्यांचा दोष.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्या मुद्द्यावर येतो. याच शहरात १९९७ मध्ये राजेश राव यांनी ‘ध्रुव इंटरॅक्टिव्ह’ ही कंपनी काढली. खेळ तयार करणाऱ्या आपल्या देशातील अगदी पहिल्या कंपन्यांपैकी ती एक. परदेशांतील बड्या खेळांसाठी चित्रे आणि वस्तू घडवून देणे हे तिचे मुख्य काम झाले. ‘फोर्झा’ या विख्यात शर्यतमालिकेसाठीही तिने काम केले. २०१९ मध्ये ती रॉकस्टार या कंपनीने विकत घेतली. जगातील लोक ज्या मोटारी पाहून चकित होतात त्यांच्यामागे बंगळूरच्या अनाम कारागिरांचेही हात आहेत, याचा मला अभिमान वाटतो. परंतु त्या श्रमाचे पुढे काय होते? खऱ्या मोटारी खेळात घ्यावयाच्या तर कारखानदारांशी करार करावे लागतात आणि करारांना मुदत असते. मुदत संपली की खेळ दुकानातून उठतो. २०१२ चा ‘फोर्झा होरायझन’ २०१६ मध्ये विक्रीतून गेला. दुसरा २०१८ मध्ये, तिसरा २०२० मध्ये, चौथा डिसेंबर २०२४ मध्ये. ज्यांनी आधी घेतला त्यांच्यापाशी तो राहिला. नव्या माणसाला दार बंद. ‘द क्रू’ या २०१४ च्या शर्यतखेळाची गत तर याहून वाईट. कंपनीच्या यंत्रांशी जोडल्याशिवाय तो चालतच नसे, आणि ती यंत्रे ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाली. पैसे देऊन घेणाऱ्यांच्या घरातही तो त्या दिवशी संपला.

निनावी मोटारींच्या खेळावर हे संकट येत नाही. ‘रोड फायटर’च्या लाल मोटारीसाठी कोणाचा परवाना लागत नाही. ‘री-व्होल्ट’ काढणारी अक्लेम कंपनी २००४ मध्ये दिवाळ्यात गेली, पण त्या खेळण्यातल्या मोटारी खेळाच्या चाहत्यांनी नव्या यंत्रांवर चालत्या ठेवल्या आहेत. २०२० मध्ये एका लहानशा चमूने काढलेल्या ‘प्रोजेक्ट विंगमॅन’ या विमानयुद्धात खऱ्या विमानांची नावे जराशी फिरवून ठेवली आहेत, आणि त्याने खेळाचे काही उणे झालेले नाही. थोराघरचे दागिने उसने आणून घातले तर ते एक दिवस परत करावे लागतात. गरिबाच्या खेळात उसने काही नसते. जी गती आहे ती त्याची स्वतःची असते, आणि तीच मागे उरते.

परंतु ती आपोआप उरत नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये पाहणी प्रसिद्ध केली. तेथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात मिळत नाहीत असे तीत आढळले. आपल्याकडे पुस्तकांची काळजी १९५४ च्या कायद्याने घेतली आहे. प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि आणखी तीन ग्रंथालयांकडे पाठवावयाची असते. पुस्तक चांगले की वाईट हे तो कायदा विचारीत नाही, आणि न विचारण्यातच त्याचे मोठेपण आहे. खेळांना असे घर आपल्या देशात नाही. त्यातल्या त्यात नावाजलेले खेळ कोणीतरी जपून ठेवील. न नावाजलेल्यांना आपल्यासारख्यांच्या कपाटाखेरीज आसरा नाही.

आणि आपल्यासारख्यांची कपाटे कशी असतात हे बदलीच्या नोकरीतल्या माणसाला मी काय सांगावे? दर तीन-चार वर्षांनी आपण खोकी बांधतो. भांडी जातात, अंथरुणे जातात, मुलांचे दाखले जपून जातात; आणि शेवटच्या रात्री ‘हे काय, जुने आहे’ म्हणून जे भंगारवाल्यासाठी दाराबाहेर ठेवले जाते त्यातच एखादी कॅसेट, एखादी वेष्टण नसलेली तबकडी असते. मी गेल्या वर्षापासून एक नोंदवही घातली आहे. कचेरीतल्या आवक नोंदवहीसारखीच तिची घरे पाडली आहेत: अनुक्रमांक, खेळाचे नाव, वर्ष, करणाऱ्याचे नाव कळल्यास ते, कोणत्या यंत्रावर चालतो, आणि शेवटच्या घरात माझा अभिप्राय, दोन ओळींत. आजवर त्र्याहत्तर नोंदी झाल्या आहेत. ‘करणाऱ्याचे नाव’ या घरात एकवीस ठिकाणी रेघ आहे. त्यांतील चार रेघा या वर्षी खोडून तेथे नावे लिहिता आली, याचे मला बढतीच्या हुकमाइतकेच समाधान वाटते.

वाचकांपैकी कोणाची बदली जवळ आली असेल तर त्यांनी खोकी बांधताना एवढे करावे. ती जुनी तबकडी भंगारात टाकण्याआधी एकदा लावून पाहावी, ‘मोटार हाताला येते की नाही’ हे कोणालाही न विचारता स्वतः ठरवावे, आणि नाव लिहून ठेवावे. मला कळविल्यास चौऱ्याहत्तरावी नोंद करीन.